बँडचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग : उचलून नेता येईल असा ऑडिओ इंटरफेस कोणता घ्यावा? (ठाणे / नवी मुंबई)

मजिवड्याचा_बेस :
नमस्कार मंडळी. आमचा सात जणांचा बँड आहे, अभंग आणि थोडी स्वतःची गाणी. ड्रम्स, बेस (मी), इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड, तबला-ढोलकी, पेटी आणि एक मुख्य गायक, पेटीवाली ताईपण गाते म्हणजे आवाज दोन. सराव कधी कापूरबावडीजवळच्या जॅमरूममध्ये तर कधी नेरूळला ड्रमरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. आत्तापर्यंत मोबाइल खोलीच्या मधोमध ठेवून रेकॉर्ड करत होतो, त्यात ड्रम्स छान येतात आणि पेटी शोधावी लागते. आता प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर हवंय म्हणजे नंतर शांतपणे बसून मिक्स करता येईल. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र, बघतोय. बजेट चाळीस हजारांच्या आसपास, थोडं ताणू शकतो. अट एकच, एका माणसाला ट्रान्स-हार्बर लोकलने किंवा रिक्षाने नेता आलं पाहिजे. दुकानात विचारलं तर म्हणाले १८ इनपुटवाला घ्या, पण समोर माइक लावायची भोकं मोजली तर आठच. हे काय गौडबंगाल आहे? आणि तुम्ही लोक काय वापरता?

केबलगुंता :
लॅपटॉप कुठला? विंडोज की मॅक? आणि ड्रम्सला किती माइक लावणार ते आधी सांगा, बाकी सगळं त्यावर आहे.

निषाद :
गौडबंगाल काही नाही, खोक्यावरचा आकडा म्हणजे सगळ्या प्रकारच्या इनपुटची बेरीज. फोकसराइटचा स्कार्लेट १८आय२० घ्या. आठ ॲनालॉग, त्यात माइक लागतो. आठ एडॅटचे, म्हणजे ऑप्टिकल वायरीतून आत येणारे. दोन एसपीडिफचे, म्हणजे दुसऱ्या एका डिजिटल वायरीचे. झाले अठरा. बेहरिंगरच्या यूएमसी१८२० चंही गणित तेच. जास्त सांभाळायचं ते १८आय८ घेताना, तिसऱ्या पिढीच्या १८आय८ वरही १८ लिहिलेलं आहे पण माइक प्रीॲम्प (माइकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) चारच. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा, माइक प्रीॲम्प किती. एडॅटवाल्या जागा रिकाम्या असतील तर त्यात नंतर आठ माइकचं वेगळं युनिट जोडता येतं, त्यामुळे ते आकडे खोटे नाहीत, पण खोकं उघडल्या दिवशी त्यांचा काही उपयोग नाही.

पाचपाखाडी :
मला वेगळं वाटतं. सरावाचं रेकॉर्डिंग आहे ना, मग चार प्रीॲम्पचा यूएमसी४०४एचडी घ्या आणि सुरू करा. ग्लिन जॉन्स हा इंग्लिश इंजिनिअर ड्रम्सला तीन-चार माइक लावायचा, दोन वरून, दोन्ही स्नेअरपासून (ड्रमरच्या पुढ्यातला चपटा ड्रम) मोजून सारख्या अंतरावर, एक किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम), लागलाच तर एक स्नेअरला, आणि त्या रेकॉर्ड आजही ऐकतोच की आपण. माइक वाढले की एकमेकांत आवाज मिसळून फेजचे घोळ वाढतात, म्हणजे आवाज एकमेकांना खातात. आधी ड्रम्स-बेस घ्या, मग गिटार-कीबोर्ड, मग पेटी-तबला, शेवटी आवाज. चार चॅनलमध्ये अख्खा अल्बम होतो.

डग्गा :
पाचपाखाडी, ड्रम्सचं तुमचं म्हणणं पटलं पण एकेक करून वाजवा हे अभंगाला लागू होत नाही हो. मी तबला वाजवतो म्हणून सांगतो. अभंगात लय एका जागी थांबत नाही, गजराला येईपर्यंत ती चढत जाते, आणि किती चढवायची ते गाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरतं. क्लिक (कानात ठरावीक लयीची टिकटिक) लावून हे होत नाही. आणि क्लिकशिवाय ड्रम्स-बेस आधी घेऊन ठेवले तर तबलजी नंतर त्या चढलेल्या लयीच्या मागे धावत बसतो, कुठे लग्गी टाकायची ते त्याच्या हातात राहत नाही. आमच्या मंडळींनी असं करून बघितलं होतं, बोल सगळे बरोबर, पण ऐकताना कळतं की वादक खोलीत एकत्र नव्हते.

दुसरं, तबल्याला दोन माइक हवेतच. दाहिन्याला एक, डग्ग्याला एक. एकच माइक मधोमध ठेवला तर दाहिन्याची चाट येते आणि डग्ग्याची घुमक गायब, मग मिक्स करणारा खालचा आवाज वाढवतो तेव्हा तबल्याबरोबर शेजारचा किक ड्रमही वर येतो. ढोलकीलाही दोन्ही पुड्यांना वेगळा माइक. म्हणजे एका वादकाचे दोन चॅनल आधीच धरून चला.

घणसोली_लोकल :
आणि ड्रमरला दुसऱ्या खोलीत बसवा, शक्य असेल तर दुसऱ्या स्टेशनवर :)

मजिवड्याचा_बेस :
@घणसोली_लोकल हाहा, त्याला वाचून दाखवला प्रतिसाद, तो म्हणतो ऐरोली चालेल पण मिसळ मिळाली पाहिजे.

@केबलगुंता लॅपटॉप विंडोजचा, सोळा जीबी रॅम, यूएसबी-सी एक आणि साधे यूएसबी दोन. @डग्गा अगदी आमचंच बोललात, गजराला आमची लय चढतेच आणि ती चढायलाच हवी. म्हणजे सगळे एकत्रच वाजवणार हे नक्की. मग यादी अशी होते, किक, स्नेअर, वरचे दोन, बेस थेट, गिटारच्या ॲम्पला एक, कीबोर्डचे डावा-उजवा दोन, तबल्याचे दोन, पेटी एक, आवाज दोन.

निषाद :
तेरा झाले. मग आठवाला एकटा इंटरफेस विसरा. तीन रस्ते उरतात, बाकी नावं कितीही ऐका.

पहिला, आठ प्रीॲम्पचा इंटरफेस आणि त्याला एडॅटने जोडलेलं अजून आठचं युनिट. बेहरिंगरचं एडीए८२०० यासाठीच असतं. सोळा माइक झाले. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजणं) एडॅटच्या एका वायरीतून आठ चॅनल जातात, ९६ ला गेलात तर चारच, त्यामुळे ४८ वरच राहा, बँडच्या कामाला ते भरपूर आहे. दोन्ही यंत्रांचं हे मोजण्याचं घड्याळ एक असावं लागतं, एकाला मालक ठरवायचं आणि दुसऱ्याला त्याच्या मागून चालायला सांगायचं, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये मधूनच टिकटिक येते आणि माणूस केबल बदलत बसतो. पण तुमची लोकलची अट बघता हा रस्ता जड आहे, दोन्ही १९ इंची रॅकचे, दोघांना वेगळी वीज, वर रॅकची पेटी.

दुसरा, मिक्सरमध्येच रेकॉर्डर. तिसरा, टॅबवर चालणारा डिजिटल मिक्सर. त्यावर इथे वापरणारे लोक आहेत, त्यांनी लिहावं.

वाशी_ते_पनवेल :
एक शंका. माझ्याकडे आठचा एक आहे आणि मित्राकडे दुसऱ्या कंपनीचा आठचा आहे. दोन्ही यूएसबीने एकाच लॅपटॉपला लावले तर सोळा होणार नाहीत का? एडॅटचा खर्च वाचेल.

केबलगुंता :
विंडोजवर असिओला (रेकॉर्डिंगच्या ड्रायव्हरची पद्धत) एका वेळी एकच ड्रायव्हर चालतो, त्यामुळे सरळ मार्गाने नाही. मॅकवर ॲग्रिगेट डिव्हाइस करून दोन एकत्र दिसतात, पण दोघांची घड्याळं वेगळी, म्हणून ड्रिफ्ट करेक्शन लावावं लागतं. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या भरवशाचं काम नाही ते. दोघांपैकी एकाला एडॅट आउट आणि दुसऱ्याला एडॅट इन असेल तर मात्र काम होईल, मागची भोकं बघा.

राबाळे_गाळा_नं_९ :
आमचा गाळा एमआयडीसीत आहे, रविवारी शेजारची यंत्रं बंद असतात तेव्हा आम्ही रेकॉर्ड करतो. दुसऱ्या रस्त्यावरचा मी. झूमचा लाइव्हट्रॅक एल-१२ वापरतो. आठ माइक प्रीॲम्प, दोन स्टिरिओ लाइन चॅनल, आणि एकदम चौदा ट्रॅक एसडी कार्डवर, म्हणजे बारा वेगळे आणि मुख्य मिक्सचे दोन. लॅपटॉप नेतच नाही. लाल बटण दाबायचं आणि वाजवायचं. घरी येऊन कार्ड काढून फायली लॅपटॉपवर घ्यायच्या. तोच यूएसबीने जोडला तर इंटरफेस म्हणूनही चालतो. टॅस्कॅमचं मॉडेल १२ पण याच जातीचं.

लॅपटॉप नसल्याचं सुख किती मोठं आहे ते सरावाला गेल्यावरच कळतं. विंडोजचं अपडेट नाही, बॅटरी संपतेय ही धाकधूक नाही, ड्रायव्हर नाही, आणि बँडमधल्या एका माणसाला वाजवायचं सोडून पडद्याकडे बघत बसावं लागत नाही.

तुमचे तेरा त्यात बसवता येतात का ते बघितलं. किक, वरचा एकच, गिटार, तबल्याचे दोन, पेटी, आवाज दोन, हे आठ माइक. बेस पेडलमधून किंवा ॲम्पच्या लाइन आउटमधून नवव्याला, कीबोर्ड अकरा-बाराला. स्नेअरचा वेगळा माइक आणि दुसरा ओव्हरहेड (वरचा माइक) सोडावा लागेल, एवढंच.

नेरूळचा_ड्रमर_वेगळा :
स्नेअरचा माइक सोडा म्हणणाऱ्यांनी एकदा ड्रम्सच्या मागे बसून बघावं. ब्रशने वाजवलं की वरच्या माइकमध्ये फक्त झांजा उरतात. बाकी यंत्र चांगलं आहे, मान्य.

तीव्र_मध्यम :
मी गाते. सगळे प्रीॲम्प आणि चॅनलबद्दल लिहितायत, हेडफोनबद्दल अजून कोणीच नाही. खोलीत ड्रम्स असताना गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर ती ओरडून गाते, सूर वर सरकतो, आणि ते नंतर कुठल्याही मिक्समध्ये सुधारत नाही. मला माझा आवाज आणि पेटी हवी, बाकी जवळजवळ नको. ड्रमरला बेस हवा. एकच हेडफोन मिक्स सगळ्यांना वाटला तर कोणाचंच भागत नाही.

एल-१२ ला पाच हेडफोनचे पाच वेगळे मिक्स करता येतात, माझ्यासाठी तेच त्याचं सगळ्यात मोठं कारण. साध्या आठवाल्या इंटरफेसला एक किंवा दोन हेडफोन असतात, मग वेगळा हेडफोन ॲम्प घ्या, त्याला वायरी ओढा, त्याची वेगळी वीज. म्हणून विचारताना इनपुट किती याबरोबर आउटपुट किती आणि त्यांचे मिक्स वेगळे करता येतात का हेही विचारा.

आणि लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज ऐकत गाऊ नका. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर (लॅपटॉप आवाज आधी साठवून मग पुढे पाठवतो तो साठा) म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदाच्या आसपास, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, त्यावर यंत्राचा स्वतःचा वेळ. गिटारवाले म्हणतात चालतं, त्यांचा ॲम्प एरवीही दोन-तीन मीटर लांब असतो आणि हवेत आवाजाला मीटरमागे साधारण तीन मिलिसेकंद लागतात. पण गाताना आपला आवाज हाडांमधून आत लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधला उशिरा, दोन्ही एकमेकांवर चढून आवाज पोकळ वाटायला लागतो. डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे लॅपटॉपपर्यंत न जाता थेट यंत्रातूनच ऐकण्याची सोय, असलेलंच घ्या.

डग्गा :
+१. तबल्यालाही हेच लागू, एक कान उघडा ठेवून वाजवतो आम्ही.

सतरा_प्लाझा :
तिसऱ्या रस्त्यावरून लिहितो. बेहरिंगरचा एक्सआर१८. सोळा माइक प्रीॲम्प मिडासच्या डिझाइनचे, दोन लाइन, आणि यूएसबीवर अठराच्या अठरा चॅनल लॅपटॉपमध्ये वेगवेगळे. तुमचे तेरा सगळे बसतात आणि ढोलकीला वेगळे दोन लावले तरी एक उरतो. सहा ऑक्स आउट (वेगळ्या मिक्ससाठीचे आउटपुट) आहेत, सहा वेगळे मिक्स देता येतात, प्रत्येकजण आपापल्या मोबाइलवरून स्वतःचा मिक्स कमी-जास्त करतो, गायिकाबाई खूश. वर कार्यक्रमाला हाच मिक्सर म्हणून चालतो. पाठपिशवीत मावतो, मी स्वतः वाशीहून ठाण्याला लोकलने नेतो, गर्दी टाळून.

उणी बाजूपण सांगतो. स्वतःमध्ये मल्टिट्रॅक रेकॉर्ड होत नाही, लॅपटॉप लागतोच. आणि टॅबशिवाय काहीच करता येत नाही, यंत्रावर फेडर नाहीत. हॉलमध्ये लोकांचे मोबाइल असले की आतल्या वायफायवर विसंबू नका, पाच गिगाहर्ट्झचा छोटा राउटर वायरने जोडा. लॅपटॉपही नको आणि चॅनलही जास्त हवेत असं असेल तर साउंडक्राफ्टचा यूआय२४आर आहे, तो थेट पेनड्राइव्हवर बावीस ट्रॅक लिहितो, पण तुमचं बजेट ओलांडून बरंच पुढे जाईल.

पाचपाखाडी :
डग्गा आणि तीव्र_मध्यम यांचं वाचून लयीचा मुद्दा पटला, अभंगाला एकत्रच घ्यायला हवं. पण एक सांगा, एवढ्या स्वस्तात सोळा प्रीॲम्प म्हणजे प्रत्येकाचा दर्जा काय असणार? आठ चांगले असलेले बरे नाहीत का?

निषाद :
रास्त प्रश्न आहे. पण प्रीॲम्पचा खरा कस लागतो तो हळू आवाजाला, खूप वाढवावं लागतं तेव्हा. तानपुरा दोन हातांवरून घ्यायचा असेल, किंवा जास्त गेन मागणाऱ्या डायनॅमिक माइकवर कोणी हळू बोलत असेल तर सुं ऐकू येते. बँडमध्ये स्नेअर, गिटार ॲम्प, तोंडाजवळ गाणारा माणूस, यांना गेन लागतोच किती? तुमच्या यादीत फक्त पेटीला थोडा जास्त लागेल. आजच्या कुठल्याही बऱ्या यंत्राचा सुं ड्रम्सच्या गळतीखाली बुडून जातो. पैसे माइकवर आणि खोलीवर घाला, मागे जाड गोधड्या टांगा, फरक तिथे ऐकू येईल.

लेव्हलबद्दल पण सांगतो कारण सगळे लाल दिव्यापर्यंत नेतात. २४ बिटवर घेताय तर सगळ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा. अभंग चढला की सगळे सरावापेक्षा जोरात वाजवतात, ती जागा मोकळी पाहिजे. फुटलेला आवाज परत जोडता येत नाही, कमी घेतलेला वाढवता येतो.

केबलगुंता :
आणि यूएसबी-सी बघून हुरळून जाऊ नका, भोकाचा आकार वेगळा म्हणून वेग वेगळा असं नसतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक चॅनल म्हणजे सेकंदाला १.१५ मेगाबिट. तुमचे तेरा म्हणजे पंधरा मेगाबिट. यूएसबी २.० ची मर्यादा ४८० आहे. पुरून उरतं. फक्त हबमधून नको, सरळ लॅपटॉपला.

जुना_टेपवाला :
वाचतोय सगळं. आम्ही चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काम केलं, तीन ट्रॅक भरले की चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि तीन मोकळे करायचे, एकदा उतरवलं की मागे जाणं नाही. त्यामुळे तेरा ट्रॅक वेगळे मिळतायत तर घ्या, भांडू नका :)

जुनी फायरवायरची (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) आठ-आठ इनपुटची यंत्रं स्वस्तात दिसतील जाहिरातीत. आवाज उत्तम असतो. पण आजच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं, जोड-तोड करून एखाद्याचा चालतो, दुसऱ्याचा नाही. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

माझा एक वेगळाच मुद्दा, पेटी. पेटीचा सूर पक्का, तो तुम्हाला फिरवता येत नाही. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झला (वाद्यं लावायचा ठरलेला सूर) बरोबर लागलेल्या नसतात. कीबोर्ड, बेस, गिटार ४४० वर आणि पेटी त्याहून जराशी वर असेल तर मल्टिट्रॅकमध्ये ते फार बोचतं, कारण आता प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येणार आहे. रेकॉर्डिंगआधी पेटीचा सूर ट्यूनरवर बघा आणि कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये तो आकडा घाला, बेस-गिटार त्यावर लावा. पेटीच्या माइकला भात्याकडे तोंड नको, करकर येते. स्वरपट्ट्यांच्या वर, जरा मागून, हातभर अंतरावर.

मजिवड्याचा_बेस :
@जुना_टेपवाला काका, हे फार मोलाचं सांगितलंत. आमची पेटी ताईंच्या आजोबांची आहे, आज रात्रीच ट्यूनर लावतो.

ऐरोली_ब्रिज :
धागा जरा बाजूला नेतो, माफी असावी. ठाण्यात ड्रम्ससकट सात माणसं मावतील आणि भिंतीपलीकडून कोणी ठोकणार नाही अशी जागा आहे का? घोडबंदरला संध्याकाळी पोचेपर्यंत बुक केलेला अर्धा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो.

राबाळे_गाळा_नं_९ :
गाळे बघा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात. वागळे इस्टेटलाही मिळतात. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात विसरा, जून ते सप्टेंबर सगळ्या ट्रॅकवर पाऊस. आणि दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, कंडेन्सर माइक कधीकधी फुटफुट करतात. माइकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत जा.

सोसायटीच्या हॉलमध्ये असाल तर रात्री दहाच्या आत आवरा, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत दहा ते सहा ही वेळ आहे आणि सेक्रेटरी लोकांना ती पाठ असते.

सतरा_प्लाझा :
हॉलमध्ये अजून एक, घुं. गिटारचा ॲम्प एका बोर्डवर, लॅपटॉप दुसऱ्या खोलीतून ओढलेल्या वायरीवर, की ५० हर्ट्झची घुं सगळ्या ट्रॅकवर बसते. सगळी वीज एकाच अर्थिंगवाल्या बोर्डवरून घ्या. तरीही आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तिथेच थांबते. अर्थची पिन तोडणं हा उपाय नाही, गाणारा माणूस माइकला ओठ लावून उभा असतो. कीबोर्ड आणि बेसला डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज माइकच्या केबलमधून नेणारी डबी), त्यावरचा ग्राउंड लिफ्ट चालेल, तो फक्त आवाजाच्या वायरीतली अर्थची जोडणी तोडतो.

तीव्र_मध्यम :
हे पिन तोडण्याचं ठळक अक्षरात लिहायला हवं. एका हॉलमध्ये मला माइकचा झटका बसलाय.

वाशी_ते_पनवेल :
फँटमचं, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधून दिल्या जाणाऱ्या विजेचं, पण विचारतो. तबल्याला कंडेन्सर, आवाजाला साधा डायनॅमिक. फँटम चालू केलं तर डायनॅमिक जळतो का?

निषाद :
नाही, चांगल्या एक्सएलआर केबलने लावलेल्या डायनॅमिकला ४८ व्होल्टने काही होत नाही. बऱ्याच यंत्रांवर फँटम चार-चारच्या गटात चालू होतं, म्हणून कंडेन्सर सगळे एका गटात ठेवा म्हणजे डोकं शांत राहतं. एक्सआर१८ ला प्रत्येक चॅनलचं वेगळं आहे. जपायचं ते जुन्या रिबन माइकला.

मजिवड्याचा_बेस :
सगळ्यांचे मनापासून आभार, बँडच्या ग्रुपवर अख्खा धागा टाकला. काल बसून ठरवलं. तेरा चॅनल एकत्र, लय मोकळी, यावर तडजोड नाही. स्नेअरचा माइक सोडायला ड्रमर तयार नाही आणि एक वरचा सोडायला मी तयार नाही, म्हणून एल-१२ मनात असूनही मागे पडला. एक्सआर१८ वर आलोय. बजेट ताणावं लागेल. लॅपटॉप ताईंचा भाऊ सांभाळणार, तो वाजवत नाही, म्हणजे पडद्यासमोर एक माणूस मोकळा.

एकच भीती, विकत घेऊन सरावाला नेला आणि झेपलं नाही तर?

सतरा_प्लाझा :
भाड्याने घेऊन बघा की. सोसायटीच्या गणपतीला येतो त्या साउंडवाल्याला विचारा, बऱ्याच जणांकडे एक्सआर१८ नाहीतर मोठा एक्स३२ असतोच, एक्स३२ च्या मागे यूएसबी कार्ड असेल तर बत्तीस ट्रॅक निघतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांची यंत्रं पडून असतात, स्वस्तात देतात. यूएसबीची वायर मात्र तुमची न्या, ती त्यांच्याकडे सापडत नाही.

केबलगुंता :
लॅपटॉपवर कंपनीचाच असिओ ड्रायव्हर घाला, रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर ठेवा, साठ दिवस पैसे न भरता वापरून बघता येतं. बफर २५६ ठेवा, ऐकणं सगळं मिक्सरमधून आहे त्यामुळे बफर मोठा असला तरी कोणाला त्रास नाही आणि लॅपटॉपही अडखळत नाही. वायफाय टॅबला लागेल, लॅपटॉपचं बंद. तेरा ट्रॅक म्हणजे तासाला पावणेसात जीबी, तीन तासांचा सराव वीस जीबी धरा आणि रोजच्या रोज दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी.

डग्गा :
आणि मंडळी, तेरा चॅनल म्हणजे वायरीही तेरा. स्टँड किती, डीआय किती, हे बजेटमध्ये धरलंय का? तबल्याला बुटके स्टँड लागतात, उंच बूम खाली वाकवला की कलंडतो.

मजिवड्याचा_बेस :
नाही धरलं :( माइक सहा आहेत, स्टँड चार, वायरी जॅमरूमच्या. हे सगळं घ्यायचं तर यंत्र आत्ता विकत घेणंच शक्य नाही. मग सतरा_प्लाझा म्हणतात तसं यंत्र भाड्याने आणि आत्ताचे पैसे माइक, स्टँड, वायरींवर. ते उद्या यंत्र कुठलंही घेतलं तरी कामाला येतंय.

निषाद :
हेच करा. तबल्याला आणि ओव्हरहेडला छोट्या डायफ्रामच्या कंडेन्सरच्या दोन जोड्या घ्या, किक आणि स्नेअर डायनॅमिकवर भागेल. वायरी सहा मीटरच्या, ड्रम्ससाठी दहाच्या, आणि दोन्ही टोकांना नंबराची पट्टी चिकटवा.

राबाळे_गाळा_नं_९ :
बुटके स्टँड माझ्याकडे दोन पडून आहेत, ढोलकीवाला सोडून गेला तेव्हापासून वापरात नाहीत. सरावाला वापरा, परत दिलेत की झालं. रविवारी दुपारी गाळ्यावर असतो, रबाळे स्टेशनला उतरून इथे निरोप टाका.